गप्प बसून कमी झालेले अठरा हजार

“भाव कोणी सांगितला ना, तर आधी हो म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही. उठायचं आणि जाऊन बघून यायचं.”

माझे बाबा हे बैलांच्या बाबतीत सांगायचे. बैल दावणीला उभा असताना सगळेच देखणे दिसतात. भाताची गाडी घेऊन चढण चढताना बघावा, म्हणजे कळतं. मी लग्न होऊन तलासरीच्या या डोंगराकडच्या पाड्यात आले, अंगणवाडीची सेविका झाले, बैल काही मला कधी घ्यावा लागला नाही. पण त्या वर्षी होळी झाल्यावर आमच्या घराचं छप्पर बदलायचं ठरलं, आणि बाबांचा आवाज दिवसभर माझ्या कानात राहायला लागला.

आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. भिंती विटांच्या आणि चांगल्या, पण बुटक्या. वर मंगलोरी कौलं. पुढचा वासा इतका खाली, की माझे मालक प्रविण यांच्या कपाळावर त्या वाशाने कायमची खूण करून ठेवली आहे. उंबरगावच्या कंपनीतून रात्रपाळी करून झोपेत घरी यायचे आणि दारातच ठक्‌ व्हायचं. आतून सासूबाई विचारायच्या, “आला का रे?” त्यांना पावलं ऐकायची गरजच नव्हती.

पावसाळ्यात तर मजाच. कुठलं पातेलं कुठल्या गळतीखाली ठेवायचं हे सासूबाईंना पाठ. त्यांचं नाव रखमी, आणि पाड्यात त्यांच्या तोंडाला सगळे घाबरतात. मागच्या श्रावणात पाणी थेट माझ्या देवांवर गळायला लागलं. मी देव हलवले, तर नव्या जागीही गळती. शेवटी देव पिठाच्या डब्यावर बसले आणि डबा खाटेवर. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “शितल, तुझ्या देवाला सांग, तूच छत्री धर.” त्या रात्री मी ठरवलं होतं, पुढच्या पावसाला या घराला नवं छप्पर.

वर्षभर साठवलं. बचत गटातले, माझ्या मानधनातले, यांच्या बोनसचे, सगळे मिळून लाखाच्या जरा अलीकडे आले होते. त्यापलीकडे एक रुपया कुठून येणार नव्हता. आणि काम व्हायचं तर आत्ताच. थोड्याच दिवसांत डहाणूला महालक्ष्मीची जत्रा भरणार. जत्रा भरली की आमच्याकडे गवंडीही मिळत नाही आणि त्याचा हातोडाही. जत्रेनंतर लग्नं, लग्नांनंतर पाऊस.

म्हणून नितीनला बोलावलं. नितीन तलासरीचाच, घरांची कामं ठेक्याने घेणारा. वयाने लहान, बोलायला भरभर, मोटरसायकलच्या डिकीत कायम मापाची फीत. गुरुवारी येऊन त्याने घर मापलं. भिंती तीन फूट वर घ्यायच्या, लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर रंगीत पत्रे, आतून गिलावा, आणि मला स्वयंपाकाला ओटा. सासूबाईंनी त्याला सांगितलं, “आणि तिच्या देवाला एक कोनाडा कर, कोरडा.” तो हसला आणि म्हणाला, “हिशोब करतो, उद्या सकाळी साइटवर जाता जाता आकडा सांगतो.”

आता सकाळी म्हणजे किती सकाळी, हे विचारायचं राहिलं.

गळ्यात माळ घातल्यापासून माझा एक नेम आहे. उजाडायच्या आधी अंघोळ, देवापुढे दिवा, मग नामाची माळ, शेवटी तुळशीला पाणी. पाणी घालून होईपर्यंत बोलायचं नाही. पाड्यातल्या लोकांना ठाऊक आहे, सकाळी कोणी हाक मारत नाही. नितीनला कसं ठाऊक असणार?

मी तुळशीपुढे बसले होते, हातात माळ. खालच्या रस्त्यावर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. आमच्या पाड्याला गाडीरस्ता नाही. खाली डांबरी सडक, तिथून पायवाटेची चढण. नितीन धापा टाकत वर आला.

“वहिनी, केला हिशोब. सगळं धरून एक लाख दहा.”

मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मण्यांकडे वळले. मनात म्हटलं, आई सांगतील त्याला. सासूबाई दारात तंबाखू मळत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नितीनकडे बघितलं, आणि डोळे असे चमकले त्यांचे!

“बोल बोल,” त्या म्हणाल्या. “ऐकतेय ती.”

नितीन थांबला. मी गप्प. त्याने डोकं खाजवलं, वर कौलांकडे बघितलं.

“बरं, समजलं. एक पाच.”

मी हातातली माळ थांबवली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे बाबा, दोन मिनिटं बस, पाणी पी. मी मान हलवली, म्हणजे आत्ता नको असं. त्याचा चेहराच पडला. त्याने मागे वळून खाली सडकेकडे पाहिलं, मग चढणीकडे.

“ते पण समजलं. मग अठ्ठ्याण्णव.”

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी पटापट मणी ओढायला लागले. देवा, माफ कर, त्या दिवशीची ती माळ काही खरी नव्हती. समोरच्या वाटेने पाड्यातली चार-पाच माणसं कामाला निघाली होती. नितीन त्यांच्याकडे बघत राहिला.

“ब्याण्णव. आता यापुढे एक पैसा नाही, वहिनी. मला पण घर आहे. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर सोमवारपासून वाढवणला एकाचं काम धरतो, मग मी जत्रेनंतरच. माझं काम बघायचं तर कोसबाडला भिकीबाईंकडे जाऊन बघा.”

आणि तो चढण उतरून गेला सुद्धा. मी तुळशीला पाणी घातलं. पहिला शब्द तोंडातून निघाला तो देवाच्या नावाचा निघायला हवा होता. निघाला तो असा: “आई!”

“काय आई?” सासूबाई हसून हसून खोकत होत्या. “तोंड उघडलं असतंस तर पाच कमी झाले असते. मिटलंस तर अठरा! उद्यापासून दुपारपर्यंत गप बस, ओटा फुकट होईल.”

थोड्या वेळाने दारात ठक्‌ झालं. मालक आले. सासूबाईंनी त्यांना चप्पल काढू दिली नाही, सगळी हकिकत हातवारे करून सांगितली. नितीन किती खाली वाकला होता, मी किती ताठ बसले होते. मालक कमी बोलणारे, पण त्या दिवशी ते अंगणात उभ्या उभ्या हसले. “अठरा हजार? नुसतं बसून? मी कंपनीत दोन महिने राबतो तेव्हा मिळतात तेवढे!” खिशातून मोबाइल काढला त्यांनी. “लाव त्याला फोन. हो म्हण. ब्याण्णव म्हणजे आपल्या आत आलं.”

मलाही हसू येत होतं. छातीत कसलं तरी पाखरू फडफडत होतं. छप्पर, उंच दार, ओटा, कोरडे देव. पण फोन हातात घेतला आणि बोट थांबलं.

“तो अठरा हजार सोडून कसा गेला?” मी विचारलं.

“घाबरला तुला.”

“मला? मला अंगणवाडीतली पोरं घाबरत नाहीत.” मी म्हटलं, “बघा ना. एक तर त्याने आधीच अठरा जास्तीचे लावले होते, मग असा माणूस पुढेही फसवणार. नाहीतर त्याचा भाव बरोबर होता, आणि आता हे अठरा तो पत्र्यातून काढणार, पाइपातून काढणार. दोन्हीकडून आपल्याच डोक्यावर पडणार.”

मालकांचं हसू कमी झालं. त्यांनी कपाळावरची खूण चोळली. “मग?”

“उद्या रजा टाकते. जाऊन बघून येते.”

“एकटी?”

“काळीला नेते.”

काळी आमच्या शेजारची. घोलवड, कोसबाडकडे चिकूच्या वाडीत कामाला जाते, त्यामुळे तिकडचे रस्ते, गाड्या, माणसं सगळी तिच्या ओळखीची. आणि ती बरोबर असली की मला बोलावं लागत नाही. शनिवारी पाणी-पूजा आटोपून आम्ही निघालो, तर सडकेवर जीप मिळेपर्यंत तिने वाटेतल्या दोघांना गोष्ट सांगून टाकली होती. “आमच्या बाईंनी ठेकेदाराला नुसतं बघून पाडलं!”

“काळी, हळू.”

“हळू काय गो बाई? अशी विद्या लपवतात होय?”

तलासरीच्या बाजारात लोखंड आणि पत्र्याचं एक मोठं दुकान आहे. दुकानदार गुजराती, म्हातारे, नाकावर चष्मा. मी हळूच विचारलं, “काका, घराला पत्रे आणि पाइप घ्यायचे तर काय भाव पडेल?”

“बेन, कयुं पतरुं? जाडुं के पातळुं?”

“जो घराला लागतो तो.”

काका हसले. नोकराला सांगून त्यांनी दीड इंची पाइपचे दोन तुकडे आणवले आणि माझ्यासमोर ठेवले. दोन्ही सारखेच, चौकोनी, काळे. “बगा, कुटला चांगला?”

काळीने वाकून बघितलं, नखाने खरवडलं. “दोन्ही भाऊ आहेत, काका.”

“हातात घ्या.”

मी एक उचलला, मग दुसरा. आणि काय सांगू! पहिला वेताच्या काठीसारखा वर आला, दुसऱ्याने मनगट खाली ओढलं. बाहेरून एकच, आतली जाडी वेगळी. काका म्हणाले, पाइप किलोवर विकतात, म्हणून पातळ लावला की ठेकेदाराचे पैसे वाचतात आणि वादळ येईपर्यंत कोणाला कळत नाही. पत्र्याचंही तेच. जाड मालाचा आमच्या घरापुरता अंदाज त्यांनी सांगितला. त्यात मी विटा, सिमेंट, गवंड्याची मजुरी मनातल्या मनात मिळवली. एक लाख दहा हा आकडा काही वावगा वाटेना. ब्याण्णव मात्र ओढाताणीचा वाटायला लागला.

“म्हणजे तो पातळ लावणार,” मी बाहेर येऊन म्हटलं.

“लावू दे तर खरं! मी त्याला चिकूच्या झाडाला बांधते.” काळीच्या हातात भजी होती. तिने मला पुढे केली, मग आठवून मागे घेतली. “आज तुझं शनिवारचं असेल ना काहीतरी?”

“असतं.”

“बरं आहे. मला दोन जास्त.”

घोलवडच्या गाडीला गर्दी होती, पण मला काही कळत नव्हतं. डोळ्यांसमोर ते दोन पाइप. मधूनच वाटे, नितीन तसा वाटत नाही. मधूनच वाटे, कोण कसा वाटतो यावर छप्पर टिकतं का? घोलवडहून रिक्षा केली. चिकूच्या वाड्यांमधून रस्ता वर चढायला लागला, गार सावली आली, आणि माझं पाखरू पुन्हा फडफडायला लागलं. कारण वळणावर निळ्या पत्र्याचं एक घर दिसलं आणि काळी ओरडली, “तेच!”

काय घर होतं! दार इतकं उंच, की डोक्यावर हंडा घेऊन आत जावं. भिकीबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, कपाळभर कुंकू, वाडीची राखण त्यांच्याकडे. आम्ही का आलो हे ऐकल्यावर त्यांना एवढा आनंद झाला, की आम्हाला बसूच देईनात. हाताला धरून आत नेलं.

“हे बघ, इथे बघ. एक पावसाळा काढला, एक थेंब नाही. त्या दिवशी एवढा वारा, वाडीत झाडं आडवी, माझं छप्पर हललं नाही. पण हे बघ,” त्यांनी बोट वर केलं, “इथे वरती गिलावा करून देतो म्हणाला आणि गेला. वर्ष झालं. आला तर सोडणार नाही मी त्याला.”

मी वर बघत होते. पाइप रंगवलेले, चकचकीत. जाड की पातळ, कसं कळणार? वर चढून काय हात लावणार? काळीने झाडूच्या दांड्याने ठोकून बघितलं. टण्‌ टण्‌. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींनाही त्यातलं काही समजलं नव्हतं.

मग पाण्याचा तांब्या घ्यायला मी मागच्या अंगणात गेले. तिथे साड्या वाळत घातलेल्या, आणि दोरीला मधून टेकू दिलेला. टेकू लाकडाचा नव्हता. दीड इंची, चौकोनी, कापून उरलेला पाइपचा तुकडा.

“भिकीबाई, हा कुठला?”

“छपराचाच. उरला तो ठेवला मी. टाकायचा कशाला?”

मी दोरी एका हाताने धरली आणि टेकू दुसऱ्या हाताने उचलला. मनगट खाली गेलं. पुन्हा उचलला. पुन्हा खाली! माझ्या तोंडून जोरात निघालं, “काळी, जड आहे! जड आहे ग!” भिकीबाईंची एक साडी मातीत पडली, ती मी नंतर धुऊन दिली.

“मग चांगला आहे की तो,” काळी म्हणाली. “मग अठरा कसे सोडले?”

तोच तर प्रश्न होता. मी भिकीबाईंना विचारलं, तुम्हाला किती लागले? त्यांनी सांगितलं. घर आमच्यापेक्षा थोडं लहान, आणि पैसे आमच्या पहिल्या आकड्याच्या जवळपास.

“जास्त घेतले का त्याने?”

“जास्त कसले? त्याने आधीच विचारलं होतं, तुमच्याकडे हाताला माणसं आहेत का. मी म्हटलं, इथे वाडीत मी आणि माझा म्हातारा. आमचा पाडा राहिला तिकडे लांब. मग सगळी माणसं त्यालाच आणावी लागली. कौलं उतरवायला माणसं, विटा वाहायला माणसं. त्यांचे पैसे नकोत का लागायला?”

मी तांब्या खाली ठेवला.

कौलांकडे बघितलं होतं त्याने, तेव्हा पाच गेले. सडकेकडे आणि चढणीकडे बघितलं, तेव्हा सात. वाटेने जाणाऱ्या माणसांकडे बघितलं, तेव्हा सहा. आणि दोनदा म्हणाला होता, समजलं. मला वाटलं होतं, काहीतरी बडबडतोय.

फोन लावला तर नितीन घोलवडमध्येच होता, एका बंगल्याची मापं घेत होता. “तिथेच थांबा,” म्हणाला, आणि चहा उकळेपर्यंत आलाही. फाटकातून आत येताच भिकीबाईंनी त्याला गिलाव्यावरून असं धरलं, की आमचं बोलणं सुरू व्हायला वेळ लागला.

“नितीन,” मी म्हटलं, “काल तुम्ही अठरा कशाचे कमी केलेत?”

“तुम्हीच केलेत ना, वहिनी!” तो म्हणाला. “तुमचा पाडा आहे. पाड्यात कोणाचं छप्पर उतरलं की सगळे येतात, मजुरी घेत नाहीत, जेवण घेतात. आमच्या पाड्यात पण तसंच. मी मूर्खासारखा माणसांचे पैसे लावून आकडा सांगितला. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं बघितलंत. मी म्हटलं, चुकलं. कौलं उतरवणं काढलं. तरी गप्प. खालून विटा-रेती वर आणणं काढलं. तरी मान हलवता! मग गवंड्याच्या हाताखालची माणसं काढली. आता त्यात फक्त माल आणि माझी कारागिरी राहिली. तो भाव मी माझ्या आईला पण कमी करणार नाही.”

“पण मी बोलले नाही कारण माझा नेम असतो. तुळशीला पाणी घालेपर्यंत मौन.”

नितीनचा कप तोंडाशी थांबला. “म्हणजे... तुम्ही भाव पाडत नव्हता?”

“मी जप करत होते.”

“आणि तुमच्या सासूबाई म्हणाल्या, ऐकतेय ती!”

“ऐकत तर होतेच.”

तो कपाळावर हात मारून पायरीवर बसला. “म्हणजे मी तासभर देवाशी घासाघीस केली!”

“तासभर कुठे, दोन मिनिटं,” मी म्हटलं, पण कोणी ऐकलं नाही. काळी तर जमिनीवर बसून हसत होती. भिकीबाई म्हणाल्या, “तरी देवाने तुला ब्याण्णव दिले, नशीब तुझं.”

हसणं ओसरलं तसं माझ्या लक्षात आलं, की मी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं. सोमवारी विटांचा टेम्पो खाली सडकेवर रिकामा झाला असता. नितीन म्हणाला असता, तुमची माणसं कुठे? आम्ही म्हटलं असतं, तुमची कुठे? अर्धं उतरलेलं छप्पर, भांडण, आणि वर जत्रा.

“दोन्ही भाव खरे आहेत, वहिनी,” नितीन उठत म्हणाला. “माणसं माझी तर एक दहा. माणसं पाड्याची तर ब्याण्णव. पाइप तोच, हातात घेऊन बघा, मग चढवतो. फक्त आज संध्याकाळी पक्कं सांगा. माणसं येणार असतील तरच हो म्हणा.”

एक दहा आमच्याकडे नव्हते. म्हणजे सगळं पाड्यावर आलं. परतीच्या गाडीत काळीसुद्धा गप्प होती. कारण आम्हा दोघींनाही माहीत होतं, कुठे अडणार ते.

सुकऱ्यादादा. पाड्यात छपराचं काम निघालं की शिडीवर पहिला तोच चढतो. तो हो म्हणाला तर सगळे येतात, तो घरी बसला तर बाकीच्यांचीही कंबर दुखते. त्याच्या छपराला दोन वर्षांपूर्वी सगळा पाडा गेला होता. आमच्या घरातून मी भाताचं पातेलं नेलं होतं, पण मालकांना कंपनीने दोन पाळ्या सलग लावल्या, ते येऊ शकले नाहीत. सुकऱ्यादादा कधी काही बोलला नव्हता. ते न बोलणंच आम्हाला ऐकू यायचं.

दिवेलागणीला मी, मालक आणि काळी त्याच्या अंगणात गेलो. त्याची बायको सुकी भात पाखडत होती. आणखी तीन-चार घरांतली माणसं खाटांवर बसलेली. गोष्ट तोवर सगळीकडे पोचली होती. मला बघून एकाने तोंडावर बोट ठेवलं, हशा झाला.

मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, “दादा, पाडा आला तरच छप्पर होतं.”

सुकऱ्यादादा विडी वळत होता. “प्रविणला कंपनीतून सुट्टी मिळेल का? स्वतःच्या छपराला?”

मालक खाली बघत होते.

“नाही, विचारलं आपलं,” दादा म्हणाला. “माझ्या कौलांना नव्हती मिळाली.”

सुकीने सूप खाली ठेवलं. एवढ्यात मागून काठी आपटत सासूबाई आल्या. कोणी बोलावलं नव्हतं त्यांना.

“सुकऱ्या, तुझ्या कौलांना माझा मुलगा आला नाही, खरं. पण माझ्या नवऱ्याने तुझ्या बापाचं घर शाकारलं तेव्हा तू आईच्या मांडीवर मुतत होतास. ते पण मोज.”

पुन्हा हशा. दादाही हसला, पण विडी पेटवून मालकांकडेच बघत राहिला. त्याला उत्तर सासूबाईंकडून नको होतं.

मालक म्हणाले, “नाही आलो मी. यायला हवं होतं.” मग थोडं थांबून, “तुझ्या विहिरीचा कठडा ढासळलाय ना? दगड लावायचे आहेत?”

“उद्याच लावणार आहे. का?”

“मी येतो.”

“रात्रपाळी करून?”

“येतो म्हटलं ना.”

दादाने धूर सोडला. बराच वेळ सोडला, मला तरी तसं वाटलं. मग म्हणाला, “जेवण काय देणार, बाई? तुझ्या घरचं ते बिनकांद्याचं?”

“वरण, भात, भाजी, पोटभर,” मी म्हटलं. “आणि गोड.”

“आणि ताडी?”

“माझ्या दारात नाही, दादा.”

“मग कोणाच्या दारात?”

“माझ्या!” काळी म्हणाली. “आणि कोंबडी पण माझ्याकडे. ज्याला पुण्य पाहिजे त्याने बाईंकडे जेवावं, ज्याला चव पाहिजे त्याने माझ्याकडे.”

“आणि ज्याला दोन्ही पाहिजे?” खाटेवरून कोणीतरी विचारलं.

“त्याने दोन पाट्या विटा जास्त आणाव्या!”

आता सगळेच बोलायला लागले. शिडी कोणाची, पाट्या कोणाकडे, कौलं कुठे रचायची, सोमवार की मंगळवार. सुकऱ्यादादा उठून उभा राहिला आणि म्हणाला, “मंगळवार. आणि चढणीला दोन ओळी करायच्या, हातोहात विटा द्यायच्या. एकट्याने पाटी घेऊन चढाल तर कंबर मोडेल.” म्हणजे तो येणार होता! मी तिथेच, सगळ्यांसमोर, दोन्ही हात जोडले. मग घराकडे धावतच निघाले, या वयात. वाटेतच नितीनला फोन लावला.

“ब्याण्णव,” मी म्हटलं. “पाडा येतोय.”

“वहिनी,” तो म्हणाला, “आता हे तुम्ही बोलून सांगितलंत ना? नक्की?”

मालक तेवढ्यात पाळीला निघून गेले होते. रात्रभर मला झोप आली नाही. सासूबाईंनाही नाही; अंधारात त्या म्हणाल्या, “कोनाडा पूर्वेला सांग त्याला,” आणि थोड्या वेळाने, “पातेली सगळी भंगारात देऊ नको, एखादं ठेव.”

रविवारी उजाडल्यावर मालक आले. डोळे लाल, शर्टावर कंपनीचं तेल. मी चहा पुढे ठेवला, त्यांनी उभ्यानेच अर्धा घेतला. खाट अंथरलेली होती, त्यावर सूर्याचा पट्टा आला होता. ते तिकडे बघून थोडं थांबले. मग शर्ट बदलला, तोंडावर पाणी मारलं, कोपऱ्यातली पहार घेतली आणि घमेलं उलटं करून झटकलं. सासूबाई काहीतरी विचारणार होत्या, पण विचारलं नाही. मालक अंगण ओलांडून, कुंपणाच्या फटीतून, सुकऱ्यादादाच्या विहिरीच्या वाटेला लागले.